विचारा ताईला : भाऊ गेला कुठं, गावानं चार उत्तरं ठरवली

प्रश्न : ताई नमस्कार. माझा मोठा भाऊ मागच्या दिवाळीनंतर कापसाचे पैसे आणतो म्हणून तालुक्याले गेला तो घरी आलाच नाही. व्यापारी म्हणते पैसे दिले, वहीत सही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कालव्याच्या पुलाजवळ भेटली, हँडल लॉक केलेलं, चावी नाही, चपला तिथंच. मोबाईल बंद. आम्ही त्याच रात्री ठाण्यात गेलो होतो तं जमादार म्हणे उद्यापर्यंत वाट पाहा, कुठं पिऊन पडला असन. मग मिसिंग घेतली, पण गाडी तुम्हीच घेऊन जा म्हणाले, आम्ही आणली अन् पोरानं धुतली बी. आता वर्ष होऊन गेलं. कोणी म्हणते कर्जापायी कालव्यात उडी घेतली, कोणी म्हणते सुरतले दिसला, कोणी शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणावरून शेजाऱ्याचं नाव घेते, अन् काही जण तं वहिनीवरच बोलतात. ठाण्यात एकच उत्तर, तपास सुरू आहे. खरं काय मानाव?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, आधी वहिनीचं बोलते. तिच्याबद्दल जे बोलल्या जातंय त्याला तुमच्या पत्रात एकही आधार नाही. नवरा बेपत्ता अन् वरून गावाचे टोमणे, हे फार वाईट आहे. निदान घरच्यांनी तरी तिच्या बाजूनं उभं राहा. पुढं ठाण्यात, बँकेत, तलाठ्याकडं सगळीकडं तीच लागणार आहे.

आता खरं काय, तर सध्या काहीच मानू नका. चारही गोष्टी आज सारख्याच खऱ्या वाटतात कारण पहिल्या दिवशी जे लिहून घ्यायला पाहिजे होतं ते कोणी घेतलंच नाही. गाडीचंच बघा. जीव द्यायला निघालेला माणूस लॉक कशाला लावेल असं लोक म्हणत असतील, पण रोजच्या सवयीनं हात आपोआप लॉक लावतो, म्हणून लॉकवरून काही ठरत नाही. चावी मात्र महत्त्वाची. भावानं लॉक लावलं असेल तर ती बहुतेक त्याच्या खिशात, दुसऱ्यानं लावलं असेल तर त्या दुसऱ्याकडं. आरशावरचे ठसे, टायरची माती, चपला पाण्यापासून किती लांब होत्या अन् कोणत्या बाजूला तोंड करून होत्या, हे सगळं दोन पंचांसमोर पंचनाम्यात यायला पाहिजे होतं, फोटो काढून गाडी ठाण्यात जमा व्हायला पाहिजे होती. गाडी धुतली यात पोराचा काही दोष नाही, ती तुमच्या अंगणात यायलाच नको होती. अन् उद्यापर्यंत वाट पाहा असा कोणताच नियम नाही, मिसिंग त्याच रात्री घ्यायला पाहिजे होती.

एक गोष्ट मला राहून राहून खटकते. गावाच्या चार उत्तरांत पैशाचा विषयच नाही! माणूस रोख घेऊन निघाला अन् पैसेही गेले, तर मग पैसे खरंच मिळाले का, किती मिळाले, कोणासमोर मिळाले? वहीतली सही बँकेतल्या सहीशी कोणी जुळवून पाहिली का? मी व्यापाऱ्यावर आरोप करत नाही, पण भावाला शेवटचं पाहणाऱ्यांपैकी तो एक आहे, त्याचा जबाब अन् वहीचं ते पान फाईलीत पाहिजेच. बाजारातलं सीसीटीव्ही एव्हाना पुसलं गेलं असेल, बहुतेक ठिकाणी ते महिनाभरही टिकत नाही.

कालव्यात उडी घेतली म्हणता, तर पाटबंधारेवाल्यांना सांगून पाणी कमी करून गेटजवळ शोध घेतला होता का ते विचारा. पाण्यातला मृतदेह सहसा काही दिवसांत वर येतो, पण कुठं येईल सांगता येत नाही. आपल्याकडं वर्धा नदीच्या एका तीरावर यवतमाळ अन् दुसऱ्या तीरावर वर्धा, चंद्रपूर, आणि पैनगंगेपलीकडं तर आदिलाबाद, म्हणजे दुसरं राज्यच. अनोळखी मृतदेह सापडला की त्या ठाण्यात मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, कपडे ठेवतात, पण तुमच्या मिसिंगशी ते कोणी जुळवलंच नाही तर माणूस बेवारस म्हणून जातो. म्हणून आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या एसपी ऑफिसात माहिती अधिकार टाका, त्या काळात सापडलेल्या अनोळखी पुरुष मृतदेहांची यादी मागा. काही जुळतंय असं वाटलं तर आईचं किंवा लेकरांचं रक्त घेऊन पोलिसांमार्फत डीएनए तपासणी होते, नागपूरला न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे.

सुरतेत दिसला म्हणणाऱ्याला तारीख अन् जागा विचारा, नुसतं दिसला चालत नाही. धुऱ्याच्या शेजाऱ्याचंही तेच, भांडायला जाऊ नका, तो त्या संध्याकाळी कुठं होता हे मोबाईलचं लोकेशन सांगेल. अन् इथं घाई करा, कारण डिसेंबर 2021 पासून मोबाईल कंपन्यांना कॉलचा रेकॉर्ड किमान 2 वर्षं ठेवावा लागतो, त्यापुढं मिळेलच असं नाही. तुमचं वर्ष तर गेलंच. हा रेकॉर्ड घरच्यांना मिळत नाही, पोलिसांनीच मागवावा लागतो. भावाच्या मोबाईलचा डबा किंवा बिल शोधा, त्यावरचा आयएमईआय नंबर, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, लेखी द्या, त्या हँडसेटमध्ये दुसरं सिम पडलं असेल तर त्यावरून कळू शकतं.

हे सगळं एका अर्जात लिहून, रोख रक्कम गेल्यामुळं घातपाताचा संशय आहे असं स्पष्ट म्हणून ठाण्यात द्या अन् पोच घ्या. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टानं ललिता कुमारी निकालात 2013 लाच सांगितलंय. नाहीच घेतला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणं एसपींना पोस्टानं पाठवा, तपास स्थानिक गुन्हे शाखेकडं द्या अशी मागणीही त्यातच करा. तरी काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जा. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका, टाका असं कोणी सांगेल, पण त्यासाठी भावाला कोणीतरी डांबून ठेवल्याचा ठोस संशय लागतो.

एलआयसी असेल तर हप्ते बंद करू नका. 7 वर्षं काहीच खबर नसेल तर कायदा माणूस मृत धरतो, पण तो कोणत्या तारखेला गेला हे त्यातून ठरत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2004 मध्ये एलआयसीच्याच केसमध्ये म्हटलंय, मधेच पॉलिसी बंद पडली तर वहिनीच्या हाती पूर्ण रक्कम येणार नाही. आणि ‘माणूस सापडला, गाडीभाडं पाठवा’ असा फोन आला तर पैसे न पाठवता आधी ठाण्यात कळवा.

प्रश्न : ताई, पुतणी 17 वर्षांची आहे, कालपासून कॉलेजातून घरी आली नाही. ठाण्यात म्हणतात कॉलेज आमच्या हद्दीत नाही, अन् पळून गेली असन, येईन चार दिवसांत.
— एक काका, वाशीम जिल्हा

उत्तर : फोन आला तेव्हाच यांना सांगितलं, इथं इतरांसाठी देते. 18 वर्षांखालचं लेकरू हरवलं की अपहरण किंवा तस्करी धरूनच गुन्हा नोंदवायचा, असं सुप्रीम कोर्टानं मे 2013 मध्ये सांगितलेलं आहे, पळून गेली का हे नंतर बघा म्हणावं. हद्दीचं कारणही चालत नाही, झिरो एफआयआर कोणत्याही ठाण्यात होतो अन् मग तो योग्य ठाण्याकडं जातो. दाद देत नसतील तर तिथूनच 112 लावा, 1098 या लेकरांच्या हेल्पलाइनलाही कळवा. पोरीच्या जन्मतारखेचा दाखला अन् अलीकडचा फोटो सोबत ठेवा, एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती हातात घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.