टाइमशेअरच्या टेबलावर नकाराचं कारण सांगू नका

तुम्ही विचारलंय की सुट्टीवर असताना रिसॉर्टच्या लॉबीत एका मुलीने गिफ्ट व्हाउचर हातात ठेवलं, परवा सकाळी टाइमशेअरचं (म्हणजे रिसॉर्टमधले दरवर्षीचे काही दिवस अनेक वर्षांसाठी विकत घ्यायची योजना) ‘फक्त ९० मिनिटांचं प्रेझेंटेशन आहे, घ्यायची काहीच सक्ती नाही’ म्हणाली आणि वेळ पक्की करायला थोडी अनामतही घेतली. बायकोला वाटतंय जाऊन यावं, तुम्हाला धास्ती वाटतेय. जावं का, आणि गेलो तर सुटायचं कसं?

जाऊ नका. तरीही गेलातच, तर ‘का नको’ हे कुणालाही सांगू नका. मी त्या टेबलावर नवऱ्याबरोबर साडेतीन तास बसले आहे आणि पुढे माझ्या आई-बाबांनी सही करून आणलेला करार रद्द करण्यासाठी धावपळ केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या समोर बसलेला मुलगा तिशीतला होता, अतिशय अदबशीर. पहिला अर्धा तास त्याने विक्रीचा विषयच काढला नाही. शेवटची मोठी सुट्टी कधी घेतली, वर्षाला किती दिवस फिरता, मुलांना समुद्र आवडतो की डोंगर? आम्ही गप्पा समजून उत्तरं देत होतो आणि तो पॅडवर एकेक शब्द लिहीत होता. ‘मुलीला समुद्र’ असं लिहून त्याने त्याभोवती चौकट काढली. तासाभराने, आम्ही नको म्हणायला लागल्यावर, त्याने तेच पॅड आमच्याकडे फिरवलं, चौकटीवर पेन ठेवलं आणि म्हणाला, “मॅडम, हे तुम्हीच सांगितलंत ना?” माझ्याच मुलीची आवड माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवली होती. त्या क्षणी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, ते अजून आठवतं.

मग हिशेब. वर्षाचं हॉटेलचं बिल, गुणिले २० वर्षं, वर दरवर्षीची भाववाढ. आकडे आम्हाला सरळ वाचता यावेत म्हणून तो स्वतःच्या बाजूने उलटे लिहीत होता आणि एकही अंक चुकत नव्हता. खाली आलेली भली मोठी रक्कम आणि शेजारी त्यांच्या मेंबरशिपची किंमत. त्या कागदावर काय नव्हतं ते मला रात्री खोलीवर आल्यावर सुचलं. दरवर्षीचं देखभाल शुल्क नव्हतं, जे तुम्ही गेलात न गेलात तरी भरावं लागतं आणि जे वाढत जातं. दुसऱ्या ठिकाणचं रिसॉर्ट हवं असेल तर लागणारी एक्सचेंज फी नव्हती. वादळात इमारतीचं नुकसान झालं किंवा छप्पर बदलायची वेळ आली तर सभासदांवर पडणारी जादा वर्गणी नव्हती. हप्त्यांवरचं व्याज नव्हतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, २० वर्षं आपल्या घरात कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण, कुणाची बदली येणारच नाही, असं तो हिशेब धरून चालला होता.

आता कारणांबद्दल. मी म्हटलं, “एवढे पैसे आत्ता नाहीत.” लगेच हप्त्यांचा तक्ता आला. नवरा म्हणाला, “मला एवढी रजा मिळत नाही.” मग पॉइंट्स, म्हणजे आपल्या वाट्याचे सुट्टीचे दिवस, पुढच्या वर्षात नेता येतात, भावाबहिणीला देता येतात. “घरी जाऊन विचार करतो” म्हटलं, तर हा दर फक्त आजचा. आपण प्रामाणिकपणे कारण सांगतो आणि समोरच्याकडे प्रत्येक कारणाचं उत्तर तयार असतं, कारण आपल्याआधी शेकडो लोकांनी तीच कारणं सांगितलेली असतात. कारण दिलं की तुमचा नकार हा त्यांच्यासाठी सोडवायचा प्रश्न होतो. कारणच दिलं नाही तर त्यांच्या हाताला धरायला काही लागत नाही.

त्यानंतर मॅनेजर आले, किंमत खाली आली. मग तिसरे एक गृहस्थ आले आणि ‘ट्रायल’ म्हणून लहान पॅकेज ठेवलं. दर वेळी नवा माणूस, नवा आवाज, आणि आपण मात्र तेच दोघे, भुकेले आणि दमलेले. मध्येच हॉलमध्ये टाळ्या वाजायच्या, कुणीतरी सही केलेली असायची. मुलं तिकडे त्यांच्या खेळायच्या खोलीत, त्यामुळे ‘मुलं कंटाळली’ असं म्हणून उठायचीही सोय नाही.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिसऱ्या माणसाने पाहिलं की नवरा जरा विचारात पडलाय. त्याने खुर्ची नवऱ्याकडे वळवली, दहा मिनिटं त्याच्याशीच बोलला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सरांना पटलंय मॅडम, आता सगळं तुमच्यावर आहे.” त्या एका वाक्याने मी माझ्या घराच्या सुखाच्या आड येणारी बाई झाले. जोडप्याने दोघांनीही आलंच पाहिजे अशी अट व्हाउचरवर असते ती याचसाठी. एक तर ‘घरी विचारून सांगतो’ ही वाट बंद होते, आणि दोघांच्या मतात केसाएवढी फट असेल तरी ती तिथे दिसते. तुमच्या प्रश्नात ती फट आत्ताच दिसतेय, म्हणून मी एवढी कळकळीने लिहितेय.

तेव्हा जायचंच ठरलं तर आदल्या रात्री दोघांनी बसून एकच वाक्य ठरवा: “आम्ही घेणार नाही. व्हाउचरची भेट द्या, आम्ही निघतो.” एवढंच. ‘सध्या’ नाही, ‘बहुतेक’ नाही, ‘सॉरी’सुद्धा नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच, त्याच शब्दांत, आणि दोघांनीही. त्यांच्या गाडीने जाऊ नका, परतायची सोय आपल्या हातात ठेवा. क्रेडिट कार्ड आणि ओळखपत्राची मूळ प्रत खोलीच्या तिजोरीत ठेवा. मोबाइलवर ९० मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की खरोखर उभे राहा. बसून दिलेला नकार ते बोलणं समजतात, उभं राहिलं की चित्र बदलतं. आम्ही शेवटी सुटलो ते नवरा उठून मुलांना आणायला गेला तेव्हा. तोपर्यंत माझं नऊ-दहा वेळा ‘नको’ म्हणून झालं होतं.

इतका वेळ कुणी आपल्यासाठी बोललं, पाणी दिलं, हसून वागलं, तर तोंडावर नाही कसं म्हणायचं, ही आपली अडचण असते. भीड ही भिकेची बहीण असं आपल्याकडे म्हणतात ते अशा टेबलांसाठी अगदी खरं आहे. त्या मुलाचं पोट कमिशनवर आहे हे मला कळत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण त्याचं कमिशन म्हणजे आपलं पुढच्या अनेक वर्षांचं देणं.

टाइमशेअर हा प्रकारच फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. १९६०च्या दशकात युरोपात ही कल्पना रुजली, स्वित्झर्लंडची हापिमाग ही कंपनी १९६३ची. सुट्टीच्या घराचा खर्च अनेकांनी वाटून घ्यायचा, यात गैर काही नाही. पुढे आरसीआय (१९७४) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (१९७६) या अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्यांमुळे आपल्या वाट्याचा आठवडा दुसऱ्या गावच्या रिसॉर्टमधल्या आठवड्याशी बदलता येऊ लागला. जे लोक वर्षभर आधी बुकिंग करतात आणि ठरावीक काळातच फिरतात, त्यांना ते जमतंही. तुमच्या बायकोला कल्पना मनापासून आवडली असेल, तर ज्यांना आपली मेंबरशिप विकून टाकायची आहे अशांच्या जाहिराती शांतपणे बघा. अमेरिकेत ईबे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर लोक आपले आठवडे एका डॉलरला विकायला काढतात, केवळ वार्षिक शुल्कातून सुटका व्हावी म्हणून. जुनी मेंबरशिप घेताना नव्या सभासदाच्या काही सवलती मिळत नाहीत, तेवढं विचारून घ्या. पण हा भाव एकदा बघितला की ‘फक्त आज’ या शब्दांचं वजन आपोआप कमी होतं. मुदतही बघा. काही करार कायमचे असतात आणि तुमच्यामागे वारसांना त्या शुल्काचा विचार करावा लागतो. स्पेनने १९९८च्या कायद्यात अशा करारांना कमाल ५० वर्षांची मर्यादा घातली ती उगाच नाही.

आता सही करून बसलेल्यांसाठी, कारण हे उत्तर तेही वाचतील. माझ्या बाबांनी चार दिवस आम्हाला काही सांगितलं नाही. आईने फोनवर बोलता बोलता रडायला सुरुवात केली तेव्हा कळलं. आयुष्यभर एकेक पैसा जपून वापरलेला माणूस, त्याला मुलीसमोर ‘मी फसलो’ म्हणणं जड जात होतं. त्या चार दिवसांत रद्द करायची मुदत जवळजवळ संपली होती. जाडजूड फाइलमध्ये ते कलम अकराव्या पानावर, बारीक अक्षरात सापडलं. मी त्याच रात्री दोन ओळींचं पत्र लिहिलं: करार क्रमांक, सहीची तारीख, ‘आम्ही हा करार रद्द करत आहोत, भरलेली रक्कम परत करा’. करारात दिलेल्या पद्धतीने पोचपावतीसह पाठवलं, ईमेलही केला. नंतर बाबांना रोज फोन यायचे, “साहेब, पाच मिनिटं येऊन भेटा, मग लगेच रद्द करू.” गेलो नाही. भेटीत मुदत निघून जाते. पैसे परत यायला काही आठवडे लागले, पण आले.

ही मुदत देशागणिक वेगळी असते. युरोपीय संघात २००८/१२२ या निर्देशानुसार १४ दिवस मिळतात आणि त्या काळात आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. अमेरिकेत राज्याप्रमाणे बदलते, फ्लोरिडात १० दिवस. मेक्सिकोत कामकाजाचे ५ दिवस. कुठे सही केली त्या ठिकाणचा नियम आणि करारातलं कलम, दोन्ही त्याच दिवशी वाचा, विमानात बसायच्या आधी.

मुदत उलटून गेली असेल तर एक धोका नक्की लक्षात ठेवा. काही महिन्यांनी अनोळखी माणूस फोन करून सांगतो की तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर किंवा कागदपत्रांचं शुल्क आधी भरा. भरू नका. मेक्सिकोतल्या टाइमशेअरशी जोडलेल्या अशा फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी जवळपास ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद एफबीआयकडे आहे आणि तिथल्या अमली पदार्थांच्या टोळ्या यात असल्याचा इशारा अमेरिकी सरकारने २०२४मध्ये दिला. यात बळी पडणारे बहुतेक वयस्क असतात, आधीच पस्तावलेले, म्हणून सुटकेचं आमिष त्यांना लवकर पटतं.

तुमच्याकडे अजून उद्याचा पूर्ण दिवस आहे. आज जेवणानंतर बायकोशी बोला, तिला व्हाउचरमधलं नेमकं काय हवंय ते विचारा. ते स्वतःच्या पैशाने घेण्यासारखं असेल तर घेऊन टाका, सुट्टीतली एक सकाळ त्यापेक्षा महाग आहे. मग उद्या दोघांनी मिळून लॉबीत जा, व्हाउचर परत द्या आणि अनामतीची पावती दाखवून पैसे मागा. त्या मुलीने कारण विचारलं तर तिलाही सांगू नका.