टॉवरमधली ती वीस टक्के घरं नक्की कुणासाठी असतात?

प्रश्न: ताई नमस्कार. मी पिंपरी-चिंचवडमध्ये खासगी हॉस्पिटलात नर्स आहे, मिस्टर चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. दोघांचं मिळून वर्षाला साडेपाच लाखांपर्यंत जातं. वन रूम किचन भाड्याने आहे, अकरा महिने झाले की मालक भाडं वाढवतो. आमच्या रस्त्यावर मोठं कॉम्प्लेक्स झालंय, तिथला वॉचमन म्हणतो यात म्हाडाची पण घरं आहेत. सेल्स ऑफिसात विचारलं तर म्हणाले असं काही नसतं. खरं काय? आणि बिल्डर स्वतःच्या जागेत आमच्यासारख्यांना स्वस्तात घर का देईल?

उत्तर: वॉचमनचं म्हणणं खरं असण्याची बरीच शक्यता आहे. नोव्हेंबर 2013 मध्ये सरकारने नियम केला की दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या महापालिकांत 4000 चौरस मीटर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर प्रोजेक्ट करायचा असेल तर मूळ एफएसआयच्या (म्हणजे प्लॉटच्या मापात किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाच्या) 20 टक्के बांधकाम अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटासाठी करायचं, घरं 30 ते 50 चौरस मीटरची. 2020 च्या युनिफाइड डीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीतही तो आहे. सेल्स ऑफिसातल्या माणसावर रागावू नका, ही घरं त्यांनी विकायचीच नसतात, ती म्हाडाच्या सोडतीतून जातात, त्यामुळे त्यांना माहीतही नसेल.

आता बिल्डर का देतो. तर तो पदरचं देत नाही, हे आधी नीट समजून घ्या. समजा प्लॉट 5000 मीटरचा, मूळ एफएसआय 1.1, म्हणजे 5500 मीटर बांधकाम. त्याचे 20 टक्के 1100 मीटर, त्यात पंचवीसेक छोटी घरं बसतात. हे 1100 मीटर बिल्डरच्या हक्काच्या एफएसआयमधून कापत नाहीत, वरून जास्तीचे मिळतात, म्हणजे त्याला विकायला जेवढं होतं तेवढं तसंच राहतं, आणि या घरांचे पैसेही त्याला मिळतात, फक्त बाजारभावाने नाही, बांधकामाच्या सरकारी दराला धरून. हा जास्तीचा एफएसआय कुणाचा? शहराचा. त्या जास्तीच्या मजल्यांचा बोजा रस्त्यावर, पाण्याच्या लाईनीवर, ड्रेनेजवर येतो, तो तुम्ही-आम्हीच उचलतो. म्हणून मी म्हणते ही मेहेरबानी नाही, आपण किंमत मोजलेली घरं आहेत, विचारायला अजिबात संकोच करू नका.

नियमात एक चांगली मेख मारून ठेवलीय. या घरांना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची महापालिकेची परवानगी, मिळेपर्यंत बाकीच्या बिल्डिंगलाही द्यायचं नाही. पण पळवाटाही निघाल्या. प्लॉटचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा 4000 च्या खाली ठेवायचा ही सगळ्यात सोपी. नाशिकमध्ये ही घरं म्हाडाकडे आलीच नाहीत हा विषय 2022 मध्ये विधिमंडळात गाजला होता. नियम कितीही चांगला असला तरी परवानगी देणाऱ्या टेबलावरच्या माणसाने तो लावलाच नाही तर तुमच्यापर्यंत काही पोचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण एका सोडतीला मी स्वतः गेले होते, शेजारी बसलेल्या बाई मिस्टरांचा डबा करून, रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या, कागदपत्रांची फाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर घट्ट धरलेली, नाव लागलं नाही तर कुणाशी न बोलता तीच पिशवी परत नीट घडी घालून निघून गेल्या. पाचवी वेळ होती त्यांची.

तुमचं उत्पन्न सहा लाखांच्या आत आहे, म्हणजे पुणे परिसरात तुम्ही अत्यल्प गटात येता. डोमिसाईल 2018 च्या आधीचं असेल तर नवीन काढून घ्या, ऐन वेळी त्यातच लोक अडकतात. आणि त्या कॉम्प्लेक्सच्या मंजूर नकाशात वीस टक्क्यांची घरं दाखवलीत का, हे महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाकडे माहितीच्या अधिकारात विचारा, दहा रुपयांचा अर्ज आहे.

प्रश्न: माझे वडील परळच्या गिरणीत होते, 82 च्या संपात नोकरी गेली. गिरण्यांच्या जागेवर टॉवर झाले, तेव्हाही कामगारांना घरं देऊ म्हणाले होते ना? आम्ही आता डोंबिवलीला आहोत. मग या नव्या नियमावर विश्वास का ठेवायचा?

उत्तर: तुमचा राग रास्त आहे, मी तो कमी करायला जाणार नाही. मुंबईच्या 1991 च्या बांधकाम नियमावलीत कलम 58 होतं, गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं, शेड आणि चिमण्या उभ्या होत्या ती जागा हिशोबातून बाहेर. एका दुरुस्तीने म्हाडाचा वाटा आक्रसला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 2006 मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती कायम ठेवली. संपानंतर तीस वर्षांनी, 2012 च्या सोडतीत 6,925 घरं निघाली, 225 चौरस फुटांची, आणि अर्ज लाखाच्या वर. म्हणून नवीन नियमावर डोळे झाकून विश्वास ठेवा असं मी सांगणार नाही. उलट दुरुस्तीची नोटीस निघते आणि हरकती मागवतात, तेव्हा हरकत नोंदवा. तेव्हा गप्प बसलो तर पुढे कोर्टात जाऊनही जमीन परत येत नाही.

प्रश्न: माझा मुलगा बॉस्टनला असतो. तो म्हणतो तिकडे ऑफिस बांधणाऱ्यांकडून घरांसाठी पैसे घेतात. आपल्याकडे का नाही?

उत्तर: बरोबर सांगतोय तो. बॉस्टनमध्ये 1983 पासून आहे, मोठी ऑफिसं बांधणाऱ्याने, सुरुवातीला एक लाख चौरस फुटांच्या वरच्या बांधकामावर, स्वस्त घरांच्या फंडात ठराविक रक्कम भरायची. विचार सरळ आहे, तुमच्या ऑफिसमुळे झाडूवाले, कँटीनवाले, ड्रायव्हर सगळे येणार, ते राहणार कुठे, तर त्याचा वाटा उचला. हिंजवडीसारख्या ठिकाणी हे लागू व्हावं असं मला फार वाटतं. पण फंडाची एक भीती आहे, पैसे जमले की जमीन स्वस्त असेल तिकडे घरं होतात, म्हणजे गावाबाहेर, आणि मग पहाटेची बस आलीच. त्यामुळे मला विचाराल तर जिथे काम तिथे, त्याच प्लॉटवर घर, आणि अगदीच जमत नसेल तर पैसे, तेही त्याच वॉर्डात खर्च करायच्या अटीवर.