ब्लँकेट दिलं, पुढे?

प्रश्न : आमच्या चर्चची मंडळी दर नाताळात वस्तीत ब्लँकेटं वाटते, फोटो काढते. तरी लोक अंतर ठेवूनच वागतात. देवाची प्रीती त्यांना कशी दिसेल? – एक तरुण वाचक, सदर, नागपूर

उत्तर : बाळा, ब्लँकेट घेणाऱ्यांपैकी किती जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? नंतर त्यांच्या घरी कुणी गेलं?

माझे यजमान मेडिकल या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात १९ दिवस होते. मंडळीतल्या एक बाई रोज सदरहून बसनं डबा घेऊन येत. शेजारच्या खाटेवर गोंदियाकडचे एक आजोबा होते, एकटेच. तिसऱ्या दिवसापासून डब्यात दोन पोळ्या जास्त येऊ लागल्या. बाईंनी त्यांची जात-धर्म काही विचारलं नाही. भाजी तिखट तर नाही ना, एवढंच विचारलं. यजमान घरी आले, तरी आजोबांचा डबा थांबला नाही.

येशूनं सांगितलेल्या दाखल्यातला, म्हणजे बोधकथेतला, शोमरोनी हा परक्या समाजाचा माणूस. तो वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि वरचा खर्च परत आल्यावर देईन म्हणतो. मला त्यातलं ते परत येणं फार मोलाचं वाटतं.

फोटो बंद करा. मे महिन्यात दुपारी चर्चचं फाटक उघडं ठेवा, रिक्षावाले आणि सफाई कामगार सावलीत बसू देत. माठ रोज कुणी भरायचे, ते येत्या रविवारीच ठरवा.