'कॅनन' म्हणजे नक्की काय? संत, बायबल, कायदा आणि तोफ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पोप एखाद्याला 'कॅननाइज' करतात म्हणजे संत घोषित करतात, चर्चचा 'कॅनन लॉ' असतो, मालिकांचे चाहते 'हे कॅनन नाहीच' म्हणून भांडतात, तोफेलाही कॅनन म्हणतात आणि कॅमेऱ्यालाही. हा सगळा एकच शब्द आहे का? कॅमेरा वगळला तर मुळाशी एकच.

तोफ आधी बाजूला काढतो. तिच्या इंग्रजी स्पेलिंगात मधे दोन एन असतात, धर्मातल्या शब्दात एकच. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे हा घोळ आपल्या वाट्याला जरा जास्त येतो. तरी दोघांचं दूरचं नातं आहेच. ग्रीकमध्ये 'कान्ना' म्हणजे बोरू. लॅटिनवाटे इटालियनमध्ये त्याची नळी झाली आणि मोठ्या नळीची तोफ. इकडे ग्रीकमध्येच सरळ बोरूवरून 'कानोन' हा शब्द झाला, म्हणजे कारागीर सरळपणा तपासायला लावतात ती पट्टी. हाच कानोन अरबीत 'कानून' झाला आणि फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. म्हणजे 'कायदेकानून' म्हणताना तुम्ही हा शब्द वापरतच होतात.

पट्टीवरून पुढे दोन अर्थ निघाले: नियम, आणि नियमाला उतरलेल्यांची यादी. धर्मातला जवळजवळ प्रत्येक वापर या दोहोंपैकी एकात बसतो, आणि गैरसमजही या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळेच होतात.

सगळ्यात गाजलेला गैरसमज बायबलचा. सन 325 मध्ये निकिया इथे बिशपांची परिषद भरली आणि तिथे बायबलमध्ये कोणती पुस्तकं ठेवायची ते ठरलं, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. परिषदेने 20 कॅनन केले हे खरं, पण ते नियम या अर्थाने. ते वाचून पाहा: स्वतःला खच्ची करून घेतलेल्याला धर्मगुरूपद देऊ नये, धर्मगुरूंनी व्याजबट्टा करू नये, रविवारी प्रार्थना गुडघे टेकून नव्हे तर उभं राहून करावी. पुस्तकांची यादी त्यात कुठेच नाही.

यादी या अर्थाचा कॅनन सावकाश घडला. बायबलचे दोन भाग, जुना करार आणि येशूनंतरचा नवा करार. आज नव्या करारात जी 27 पुस्तकं आहेत, नेमकी तेवढीच अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनी 367 सालच्या आपल्या पत्रात दिली. जुन्या कराराचा वाद मात्र कायमचा मिटला नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर यांनी 1534 च्या जर्मन बायबलमध्ये जुन्या करारातली काही पुस्तकं वेगळी काढून दोन्ही करारांच्या मधे ठेवली आणि शेरा मारला की ही पवित्र शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, पण वाचायला चांगली आहेत. उत्तरादाखल कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने 1546 मध्ये कॅथलिक यादीवर शिक्कामोर्तब केलं. म्हणून कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये सहसा 66. ऑर्थोडॉक्स चर्चच्या याद्या आणखी वेगळ्या.

'कॅनन लॉ' समजायला सोपा आहे: चर्चचा अंतर्गत कायदा. यातलं प्रत्येक कलम म्हणजे एक कॅनन. रोमन कॅथलिकांच्या 1917 च्या संहितेत अशी 2414 कलमं होती, 1983 च्या संहितेत ती 1752 उरली. विवाह अवैध ठरवण्यापासून बिशपांच्या अधिकारांपर्यंत सगळं त्यात येतं.

आता संत. कॅननाइज करणं म्हणजे पोपने कुणाला पवित्र 'बनवणं' नव्हे. ती व्यक्ती स्वर्गात आहे असं चर्च जाहीर करतं आणि तिचं नाव संतांच्या यादीत घालतं. यादी हाच अर्थ इथे पुन्हा. पूर्वी लोकांनी मानलं आणि स्थानिक बिशपने होकार दिला की झालं. पोपनी रीतसर संत घोषित केल्याची नोंद असलेलं पहिलं नाव आउग्सबुर्गच्या उलरिक यांचं, साल 993. आज आधी 'धन्य' आणि मग 'संत' अशा पायऱ्या असतात आणि एरवी प्रत्येक पायरीला एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. हुतात्म्यांना पहिला माफ. उमेदवाराच्या विरोधात बाजू मांडणारा एक अधिकारीही असे. 'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट' (सैतानाचा वकील) हा वाक्प्रचार त्याच्यावरूनच आला. 1983 च्या सुधारणांनी त्याचं जुनं काम जवळपास संपवलं. माझ्या मते ते ठेवायला हवं होतं, पण मला कोण विचारतो!

माणसालाही कॅनन म्हणतात. कॅथीड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. त्याच्या धर्मगुरूंच्या मंडळातला सदस्य तो कॅनन. खगोलशास्त्रज्ञ कोपर्निकस असेच फ्राउएनबुर्गच्या कॅथीड्रलचे कॅनन होते, आणि सूर्यकेंद्री सिद्धान्ताचं काम त्यांनी हे पद सांभाळूनच केलं. अँग्लिकन (इंग्लंडच्या परंपरेतल्या) चर्चमध्ये आजही ही पदवी नावाआधी लागते.

ख्रिस्ती धर्माबाहेर हा शब्द जपून वापरावा. 'पाली कॅनन' म्हणजे त्रिपिटक, तिथे तो शोभतो, कारण बौद्धांच्या थेरवाद परंपरेत ग्रंथांचा संच ठरलेला आहे. 'हिंदू कॅनन' मात्र मला खटकतं. श्रुती आणि स्मृती अशी प्रामाण्याची उतरंड आहे, पण एखाद्या परिषदेने ठराव करून बंद केलेली एकच यादी नाही.

चाहत्यांचा कॅनन थेट बायबलकडूनच आलेला आहे. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1911 मध्ये बायबलच्या चिकित्सक अभ्यासाची टिंगल करायची म्हणून तीच पद्धत शेरलॉक होम्सच्या कथांना गंभीर चेहऱ्याने लावली. नॉक्स पुढे कॅथलिक धर्मगुरू झाले, आणि होम्सप्रेमी आजही कॉनन डॉयल यांच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्यांना कॅनन म्हणतात. तिथून हा शब्द बाकीच्या चाहत्यांकडे पोचला. त्यांच्या तोंडी 'कॅनन नाही' म्हणजे 'वाईट' नव्हे, 'अधिकृत कथेत धरलेलं नाही' एवढंच.

राहिला कॅमेरा. त्याचा उगम जपानी आहे. 1934 च्या पहिल्या नमुन्याचं नाव होतं 'क्वानॉन', करुणेची बौद्ध देवता कान्नोन हिच्यावरून ठेवलेलं. परदेशात चालेल असं नाव हवं म्हणून पुढच्याच वर्षी 'कॅनन'ची नोंदणी झाली.