लेकीला सिनेमा लिहायचाय, आणि वडिलांना तिचं बीएस्सी पूर्ण व्हायला हवंय

नमस्कार सर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही नांदेडजवळ झेडपीच्या शाळेत शिक्षक, मुलगी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि दिवाळीत तिने घरात सांगून टाकलं की कॉलेज सोडते आणि मुंबईला जाऊन हिंदी सिनेमे लिहिते. तिची १४० पानांची वही भरलेली आहे. तुम्ही नाही म्हटलं की ती विचारते, सलीम-जावेद काय डिग्री दाखवून लेखक झाले का, आणि तुम्हाला पुढे बोलता येत नाही. तुमचं म्हणणं, बीएड करावं, आपली हिंदी ही अशी नांदेडची, मुलीची जात, ओळखपाळख कुणाची नाही.

आधी सलीम-जावेदबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातलं भांडण तिथेच अडलंय आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सलीम खान इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकलेले आणि मुंबईत आले ते हिरो व्हायला, बरीच वर्षं छोटे छोटे रोल केले, मग लेखक अब्रार अल्वींच्या हाताखाली लेखनाचं काम केलं. जावेद अख्तर भोपाळच्या सैफिया कॉलेजातून १९६४ मध्ये मुंबईला आले, सेटवर क्लॅप देण्यापासून सुरुवात. दोघांची जोडी जमल्यावर ते सिप्पी फिल्म्स या सिनेमे काढणाऱ्या कंपनीच्या कथा विभागात पगारावर होते, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पैसे मिळणारी नोकरी, आणि 'सीता और गीता' त्या घरातूनच आला. 'जंजीर' १९७३ चा, 'दीवार' आणि 'शोले' १९७५ चे. आता तुम्हीच मोजा, जावेद मुंबईत आल्यापासून 'जंजीर'पर्यंत नऊ वर्षं गेली. तुमची लेक १९७५ बघतेय, तिला आधीची ती नऊ वर्षं दाखवा. आणि हे रागाने नका सांगू सर, कारण यात तिचा उत्साह मोडण्यासारखं काही नाहीये, उलट रस्ता कसा असतो ते यात दिसतं.

मी जितक्या लेखक-दिग्दर्शकांची आयुष्यं वाचली त्यात मला एक गोष्ट परत परत दिसते. कुणी स्वप्नाची वाट बघत रिकामं बसलेलं नाही, आणि बहुतेकांनी पोटासाठी जे काम धरलं ते लिहिण्याच्या किंवा सिनेमाच्या जवळचं होतं. विजय तेंडुलकरांनी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात काम केलं. श्याम बेनेगल जाहिरात एजन्सीत कॉपी लिहायचे, त्यांनी शेकडो जाहिरातपट आणि माहितीपट केले आणि 'अंकुर' १९७४ मध्ये आला तेव्हा ते चाळिशीला टेकलेले होते. सई परांजपे पुणे आकाशवाणीवर होत्या, पुढे दूरदर्शनवर, आणि त्यानंतर 'स्पर्श', 'चश्मे बद्दूर', 'कथा'. आत्ताच्या काळातलं नाव हवं असेल तर लखनौच्या जुही चतुर्वेदी, जाहिरातीतून आल्या आणि 'विकी डोनर', 'पिकू' लिहिले. आणि नागपूरचे राजकुमार हिरानी तर तुमच्या घरातलीच गोष्ट आहे, वडिलांची टायपिंग इन्स्टिट्यूट, घरच्यांना वाटायचं पोरगं सीए होईल, ते पुण्याला एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंग शिकले, मग कितीतरी वर्षं एडिटिंग आणि जाहिराती, आणि 'मुन्नाभाई' आला तेव्हा वय ४१. म्हणून मी म्हणते की प्रश्न सिनेमा की नोकरी हा नाहीये, प्रश्न आहे की कुठली नोकरी. बीएड करून शाळेत लागली तर ती वाईट नोकरी नाही हो, तुम्ही स्वतः करताय, पण तिला जे करायचंय त्यापासून ती लांब नेईल.

आता हिंदीचं. ही भीती बाजूला ठेवा. हिंदी सिनेमाच्या नावांच्या पाट्या नीट बघितल्या तर कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगवेगळी नावं असतात, कधी एकच माणूस तिन्ही करतो, कधी तिघं. पटकथा म्हणजे कुठला सीन आधी, कुठला नंतर, त्यात कोण काय करतं, प्रेक्षकाला कधी काय कळतं. संवाद हे वेगळं काम. 'मंथन'च्या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवाद कैफी आझमींचे होते. 'अर्धसत्य' श्री. दा. पानवलकरांच्या मराठी कथेवरून आला, पटकथा तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे. म्हणजे आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाने हिंदीतले इतके मोठे सिनेमे उभे केले, संवादांना दुसरी माणसं होती.

आणि नांदेडची हिंदी कमी आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? बेनेगल हैदराबादकडचे, त्यांच्या 'अंकुर'मधली माणसं दखनीच बोलतात, म्हणजे तिकडची हिंदी-उर्दू. आपल्याकडे बाजारात, रिक्षात, कपड्याच्या दुकानात जी भाषा कानावर पडते ती तिच्याच कुळातली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, ते सगळं आपल्या बोलण्यात अजून आहे. ही भाषा मुंबईत बसून कुणाला बनवता येत नाही. तिला सांगा की वहीत एक भाग फक्त ऐकलेल्या बोलण्याचा ठेव, कोण बोललं, कुणाला, कशासाठी. माझ्या मते ही तिची सगळ्यात मोठी पुंजी आहे आणि ती तिला माहितीच नाहीये.

डिग्री मात्र सोडू देऊ नका, त्याचं कारण साधं आहे. पुण्याच्या एफटीआयआयला (जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर आहे ती) सिनेमाच्या मुख्य कोर्सेसना कुठल्याही शाखेची पदवी लागते, बीएस्सी चालतं. कोलकात्याची सत्यजित रे इन्स्टिट्यूट पण सरकारीच आहे. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, जागा फार थोड्या, पहिल्या वेळी नंबर नाही लागला तरी परत देता येते. कोर्स आणि नियम बदलत राहतात म्हणून त्यांच्या वेबसाइटवरची त्या वर्षीची माहिती तिलाच वाचू द्या. खाजगी संस्थांची फी काही लाखांत जाते, त्यासाठी शेत विकायचा किंवा पीएफ मोडायचा विचार मनात असेल तर प्लीज करू नका. आठ दिवसांत पटकथा शिकवतो आणि प्रोड्युसरला भेटवतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका.

राहिलेल्या दीड वर्षात काय करायचं, तर एक सिनेमा घ्यायचा, समजा 'दीवार', आणि थांबवत थांबवत त्याची सीन लिस्ट लिहून काढायची, आणि प्रत्येक सीनपुढे दोनच ओळी, या सीनच्या आधी कुणाला काय माहिती होतं आणि नंतर काय कळलं. असे दहा सिनेमे झाले की तिला स्वतःच्या १४० पानांत काय ढिलं आहे ते आपोआप दिसायला लागेल. सोबत कॉलेजच्या एकांकिका, युवक महोत्सव, नांदेड आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सरची जाहिरात आली तर ऑडिशन. पुढे मुंबईला गेलीच तर मराठी-हिंदी मालिकांना रोजचा एपिसोड लागतो, तिथे आणि ओटीटीच्या रायटर्स रूममध्ये (म्हणजे चार-पाच लेखक एकत्र बसून मालिका लिहितात तिथे) नवीन पोरांना असिस्टंट म्हणून घेतात, कष्ट खूप आहेत आणि पैसे सुरुवातीला कमी, कधी अडकतात सुद्धा, हे तिने गृहीत धरावं.

एक गोष्ट आत्तापासून शिकवा, कागदपत्रं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, लिहिलेल्यावर मिळतो. कुणाला ऐकवायच्या आधी लिहून काढायचं आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे रजिस्टर करायचं, ते मेंबर झाल्यावर घरबसल्या ऑनलाइन होतं. करार न वाचता सही नाही. 'जंजीर'च्या वेळी पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तेव्हा सलीम-जावेदनी माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, ही गोष्ट तिला नक्की माहिती असेल, तर मग तिला हेही पटेल.

मुलीची जात म्हणून तुम्हाला काळजी वाटते ती मला समजते, मीही एका मुलीची आई आहे. पण ती एकवीस-बावीसची होऊन, पदवी हातात घेऊन, कुठल्यातरी हॉस्टेलला किंवा ठरलेल्या कामावर जाणं आणि आज भांडून मुंबईच्या तपोवन एक्सप्रेसमध्ये बसणं यात फार फरक आहे. पहिलं होण्यासाठी तिला खात्री हवी की दीड वर्षाने बाबा अडवणार नाहीत. तो शब्द तुम्ही द्यायला हवा, आणि पाळायला हवा.

शेवटचं. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या वहीतली गोष्ट कशाची आहे ते कुठेच आलेलं नाही. तुम्ही शिक्षक आहात, आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासल्यात. ही एक लाल पेन न घेता वाचा, आणि तिला सांगा की परीक्षा झाली की पहिली दहा पानं आणि 'दीवार'ची सीन लिस्ट मला पाठव, मी वाचून सविस्तर कळवते.