घट मोठी की पेट्रोल?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी. महिन्याला ५०० किलोमीटर फिरणे होते. ८ लाखांची नवी कार घ्यावी की तीन वर्षे वापरलेली?

उत्तर : विम्याच्या तक्त्यात तिसऱ्या वर्षअखेर किंमत ३० आणि पाचव्या वर्षअखेर ५० टक्के घटलेली धरतात, त्या हिशेबाने नव्या गाडीत आपले ४ लाख पाच वर्षांत जातील आणि वर्षाला ६,००० किलोमीटर धरता ही घट किलोमीटरमागे १३ रुपयांहून अधिक, म्हणजे बहुधा पेट्रोलपेक्षाही जास्त पडेल. म्हणून ॲव्हरेजची चिंता इथे दुय्यम आहे. पहिल्या तीन वर्षांची घट आधीच्या मालकाने सोसलेली असते, तेव्हा मी वापरलेलीच घ्या म्हणेन. मात्र पांदण रस्त्यांनी सस्पेन्शन लवकर झिजते, तेव्हा सौद्याआधी विश्वासू मेकॅनिककडून गाडी खालून तपासून घ्यावी.