हॉलातला इको आणि आईचा टू-डी इको

प्रश्न: आमच्या देवळाच्या नवीन हॉलात जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू आहे पण डायलॉग काही कळत नाहीत, साउंडवाला म्हणतो इको होतोय. त्यातच डॉक्टरांनी आईला टू-डी इको करायला सांगितलाय. भाऊ मालिमला ट्रॉलरवर असतो, तो म्हणतो आमच्याकडे पण इको साउंडर आहे. हे सगळं एकच का? आई फार घाबरलीय, करंट वगैरे देतात का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: ताई, तिन्हीकडे इको म्हणजे कशावर तरी आपटून परत आलेला आवाजच, काम मात्र वेगवेगळं. आधी आईंचं बोलूया. करंट नाही, सुई नाही, एक्स-रे पण नाही, नेहमीच्या टू-डी इकोला उपाशीपोटी जायचीही गरज नसते. डाव्या कुशीवर झोपवतात, छातीला थंडगार जेल लावतात आणि त्यावरून प्रोब, म्हणजे हातात धरायचं छोटं यंत्र, फिरवतात, कधी बरगड्यांमध्ये जरा दाबतात तेवढंच. प्रोबमधून निघणारा आवाज लाखो हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला लाखो कंपनांचा असतो, आपल्या कानाला 20,000 च्या वरचं ऐकूच येत नाही. तो हृदयाच्या भिंतींवर, झडपांवर आपटून परत येतो आणि किती वेळात आला त्यावरून मशीन हलतं चित्र काढतं. जेल कशाला, तर मध्ये हवा राहिली की आवाज आत न जाता तिथूनच परततो. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी 1953 मध्ये हृदयाचा इको पहिल्यांदा करून दाखवला. एक सांगून ठेवते, रक्तवाहिनीतलं ब्लॉकेज यात सरळ दिसत नाही, त्याला अँजिओग्राफी लागते, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना दाखवाच.

भावाचं मशीन पण त्याच तत्त्वावर चालतं, फक्त आवाज समुद्राच्या तळाकडे सोडतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो, म्हणजे 0.1 सेकंदात परत आला तर खोली 75 मीटर. मासळीचा थवा दिसतो तो बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते म्हणून, हवेवरून आवाज जोरात परततो.

आता हॉल. हवेत आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास. समोरची भिंत 17 मीटरच्या पुढे असेल तर शब्द वेगळा परत ऐकू येतो, त्याहून जवळ असेल तर मूळ शब्दातच मिसळून नुसतं घुमतं, तुमच्याकडे बहुतेक दोन्ही होत असणार. टाइल्स, काचा, वर पत्रे, आवाज जिरायला जागाच नाही! साउंडवाला आवाज वाढवत असेल तर आधी त्याला थांबवा, त्याने घुमणं पण वाढतं. स्पीकर स्टेजवरून मागच्या भिंतीवर मारू नका, लोकांच्या जवळ आणा, खाली वळवा, आवाज कमी ठेवा. मागच्या भिंतीला जाड पडदे चुण्या घालून सोडा, भिंतीपासून वीतभर पुढे. आणि तालमीला हॉल रिकामा असतो, जत्रेच्या रात्री भरला की माणसांच्या अंगावर कपड्यांवर बराच आवाज जिरतो, त्यामुळे नटमंडळींना आत्ताच घसा ताणायला लावू नका. गद्य सावकाश, शब्द सुटे करून म्हणायला सांगा, एवढी सुंदर मराठी नाटकं होतात आपल्याकडे, ती मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना पण नीट ऐकू यायलाच हवीत.